जनावरांचे नमुने प्रयोगशाळेत कसे पाठवावेत आणि अहवालाचा उपयोग कसा करावा: कोल्हापूर जिल्ह्यातील पशुपालकांसाठी

गाभण म्हैस सातव्या महिन्यात गाभडली किंवा चांगल्या दुधाच्या गाईची कास एका रात्रीत दगडासारखी झाली, की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती औषधासाठी. दर दहा दिवसांच्या दूध बिलावर ज्यांचे घर चालते त्यांची ही घाई समजण्यासारखी आहे. तरीही सुई टोचण्याआधीची काही मिनिटे फार मोलाची असतात. त्या वेळात योग्य नमुना घेतला, तर रोग कोणता, त्यावर औषध कोणते चालेल आणि शेजारच्या गोठ्यांना धोका किती, हे तिन्ही प्रश्न सुटू शकतात. प्रतिजैविक दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू बहुधा वाढतच नाहीत, अहवाल कोरा येतो आणि रोग मात्र गोठ्यात तसाच राहतो. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आधीच सांगतो: आधी नमुना, मग इंजेक्शन. डॉक्टर दारात असतानाच हे त्यांना आठवणीने सांगावे.

कोणती तपासणी कुठे होते

शेणातील कृमींची अंडी, रक्तातील गोचीड तापाचे परजीवी किंवा कासदाहाची प्राथमिक चाचणी यांसाठी सूक्ष्मदर्शक आणि मोजकी रसायने पुरतात, त्यामुळे अशा तपासण्या तालुका किंवा जिल्हा पातळीवरच होऊ शकतात. जिवाणू वाढवून ओळखणे, रक्तजलातील (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यासारख्या भागातील) प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढण्यासाठी शरीराने बनवलेले घटक, मोजणे किंवा पीसीआर या जनुकीय चाचणीने विषाणू शोधणे यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पुण्याच्या वाटेवरच, महामार्गालगत शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. बर्ड फ्लूसारख्या अतिधोकादायक रोगांचे निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत निश्चित होते. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू ठरला, तो भोपाळच्याच तपासणीवरून.

पुण्याचे या कामाशी नाते जुने आहे. १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुण्यातच सुरू झाली, पुढे ती आजच्या उत्तराखंडातील मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. एके काळी गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पाडणारी बुळकांडी (रिंडरपेस्ट) ही साथ २०११ मध्ये जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्या यशात लसीचा वाटा मोठा होताच, पण रोग खरोखर उरलेला नाही हे हजारो नमुने तपासून दाखवून देण्याचे काम प्रयोगशाळांनीच केले.

पशुपालकाने स्वतः पुण्याला धाव घेण्याची सहसा गरज नसते. गावाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. सांसर्गिक रोगाचा संशय असल्यास कळवणे ही जनावराच्या मालकाची कायदेशीर जबाबदारीही आहे. २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमात तशी तरतूद आहे. 'बोभाटा झाला तर संस्थेत दूध घेतील का' या भीतीने आजार लपवला जातो, आणि तेवढ्या काळात तो पाणवठ्यावरून पुढच्या गल्लीत पोहोचलेला असतो.

डॉक्टर येण्याआधी लिहून ठेवण्याच्या गोष्टी

जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, वय, वेत, गाभण असल्यास कितवा महिना, ताप किती आणि कधीपासून (गाई-म्हशींचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते), गोठ्यात एकूण जनावरे किती आणि त्यांतील आजारी किती, शेवटची लस कोणती व कधी, आणि आतापर्यंत दिलेली सगळी औषधे, घरगुती उपाय धरून, हे एका कागदावर उतरवावे. गेल्या महिनाभरात बाजारातून नवीन जनावर आणले असेल, किंवा ऊसतोड टोळीचे बैल गोठ्याजवळ उतरले असतील, तर तेही लिहावे. प्रयोगशाळेतील माणसाने तुमचा गोठा पाहिलेला नसतो. 'म्हैस आजारी, रक्त तपासावे' एवढ्याच चिठ्ठीवर कोणती चाचणी लावायची हे त्याला ठरवता येत नाही, आणि रक्ताच्या त्या थोड्याशा नमुन्यात सगळ्या चाचण्या होत नाहीत.

दुधाचा नमुना

हा नमुना पशुपालकाला स्वतः घेता येतो आणि तोच सर्वाधिक वेळा बिघडतो, म्हणून त्याची रीत सविस्तर देतो. दवाखान्यातून निर्जंतुक बाटली आणावी. घरातली औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. कास धुऊन कोरड्या कापडाने पुसावी. हात साबणाने धुवावेत. सडाचे टोक स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने, कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसावे आणि स्पिरिट वाळू द्यावे. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात. गोठ्याच्या जमिनीवर सोडू नयेत, कारण त्याच दुधातून जिवाणू दुसऱ्या जनावराच्या सडापर्यंत जातात. मग बाटली आडवी धरून, तिचे तोंड सडाला लागू न देता, पाच ते दहा मिलिलिटर दूध घ्यावे आणि लगेच झाकण लावावे. बाटली उभी धरली तर कासेवरचे केस आणि शेणाचे कण आत पडतात व प्रयोगशाळेत तेच वाढतात. कोणत्या सडाचे दूध आहे हे बाटलीवर लिहावे आणि ती ताबडतोब बर्फात ठेवावी.

पुढे काय होते हे समजले की इतकी काळजी कशासाठी, हेही समजते. दुधातील जिवाणू खास माध्यमावर वाढवले जातात. मग त्यांचा पातळ थर दिलेल्या बशीवर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या गोल चकत्या ठेवून ती उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी काही चकत्यांभोवती स्वच्छ, मोकळे कडे दिसते, तर काहींच्या अगदी काठापर्यंत जिवाणूंची साय आलेली असते. कड्याची रुंदी मोजून कोणते औषध या जिवाणूवर चालेल आणि कोणते वाया जाईल ते ठरते. यात दोन-तीन दिवस जातात. जनावर अगदीच बेजार असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच उपचार सुरू करतील आणि अहवाल आल्यावर गरज पडल्यास औषध बदलतील, त्यामुळे तपासणीमुळे उपचाराला उशीर होतो हा समज चुकीचा आहे. अंदाजाने एकामागून एक प्रतिजैविके बदलत राहण्याचा खर्च तपासणीपेक्षा बहुधा जास्तच होतो, शिवाय सडातली गाठ कायमची राहते ती वेगळीच.

गाभडलेले जनावर

शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडलेल्या प्रत्येक जनावराबाबत सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा संशय धरावा. हा रोग माणसालाही होतो; वारंवार येणारा ताप, सांधेदुखी आणि प्रचंड थकवा ही त्याची लक्षणे असतात. म्हणून पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना मिळू देऊ नये, आणि घरातील गरोदर स्त्रीला त्या गोठ्यात काम करायला लावू नये. डॉक्टर हातमोजे घालून वारेचा तुकडा, गर्भाच्या पोटातील द्रव आणि म्हशीचे रक्त घेतील. उरलेले सर्व चुना टाकून खोल पुरावे.

रक्तजलाची पहिली चाचणी साधी आहे. काचपट्टीवर रक्तजलाचा एक थेंब आणि गुलाबी रंगाच्या प्रतिजनाचा (मारलेल्या ब्रुसेला जिवाणूंच्या द्रावणाचा) एक थेंब मिसळून पट्टी हलवत राहतात. चार मिनिटांत मिश्रणात बारीक कण गोळा झाले तर संशय पक्का होतो आणि पुढे एलायझासारख्या, प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीने खात्री केली जाते. गाईंच्या एकत्रित दुधावर करण्याची रिंग चाचणीही आहे. रंगीत प्रतिजन टाकलेल्या दुधाच्या नळीत वर येणाऱ्या सायीला निळसर कडे आले, तर त्या दुधामागच्या गाईंपैकी कोणीतरी बाधित असण्याची शक्यता असते. गाव पातळीवरच्या संस्थेत ठरावीक काळाने ही चाचणी करून घेतली तर एकेका गाईचे रक्त न काढताही रोगाचा माग लागतो. संस्थेच्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी जरूर मांडावा.

कोल्हापुरात कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची आवड पिढ्यानपिढ्यांची आहे आणि तिचा अभिमानही आहे. ब्रुसेलाचे जिवाणू कच्च्या दुधातून माणसात येतात आणि दूध उकळल्याने मरतात, हे मात्र स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ज्यांच्या म्हशी कट्ट्यावर उभ्या राहतात त्यांनी त्यांची नियमित रक्ततपासणी करून घ्यावी, हे माझे आग्रहाचे मत आहे. चार ते आठ महिन्यांच्या वासरांत, फक्त मादींना, आयुष्यात एकदाच दिली जाणारी लस चुकवू नये.

इतर नमुने

लाळ्या खुरकुतात न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल विशिष्ट द्रावणात पाठवतात. आपल्या देशात या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार आढळतात आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही, म्हणून प्रकार ओळखणे लसीकरणासाठी गरजेचे ठरते. लम्पी त्वचारोगात गाठीवरची खपली आणि गोठू न दिलेले रक्त लागते. गोचीड तापासाठी ताप चढलेला असतानाच कानाच्या शिरेतील रक्ताची पातळ काचपट्टी करावी लागते. ताप उतरल्यावर परजीवी सापडणे अवघड होते. शेणाचा नमुना जमिनीवरून न उचलता थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून घ्यावा. शिरोळ-हातकणंगल्याच्या पूरपट्ट्यात गोगलगायींमुळे यकृतातील पर्णकृमींचा त्रास होऊ शकतो. त्यांची अंडी जड असून तळाशी बसतात, तेव्हा चिठ्ठीत 'पर्णकृमींसाठी तपासावे' असे वेगळे नमूद करावे.

एका बाबतीत मात्र स्वतः काहीही करू नये. धडधाकट जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरून शव फाडू नये, कातडे काढू नये, ओढत नेऊ नये. शव उघडले की जिवाणू हवेच्या संपर्कात बीजाणू बनतात आणि ते मातीत अनेक दशके टिकतात. डॉक्टर कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त घेऊन काचपट्टी करतात आणि निदानासाठी तेवढे पुरते. कोंबड्यांची एकाएकी मोठी मरतूक झाली तरी हाच नियम: हात न लावता कळवावे.

पाठवणी

रक्ताची नळी हलवू किंवा गोठवू नये. बर्फाच्या पिशव्यांसह, पण बर्फाला थेट न टेकवता, थंड डब्यात ठेवावी. नळी, तिच्याभोवती कापूस व प्लॅस्टिकची बंद पिशवी, आणि बाहेर टणक डबा अशी तीन आवरणे असावीत. चिठ्ठी वेगळ्या पिशवीत घालावी, नाहीतर बर्फाच्या पाण्याने अक्षरे पुसून जातात. फॉर्मेलिनमधील (अवयव कुजू न देणाऱ्या रसायनातील) अवयवाचा तुकडा पेशींची रचना पाहण्यासाठीच उपयोगी पडतो, त्यातून जिवाणू वाढत नाहीत. तसेच काचपट्ट्या फॉर्मेलिनच्या बाटलीजवळ ठेवल्या तर तिच्या वाफेने खराब होतात. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे, म्हणून नमुना शनिवारी निघून रविवारी बंद दारासमोर पडून राहणार नाही अशा बेताने पाठवावा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांकरवी प्रयोगशाळेला फोन करावा.

अहवाल आल्यावर

'आढळले नाही' या शब्दांचा अर्थ 'रोग नाही' असा सरसकट घेऊ नये. नमुना उशिरा घेतला गेला असेल किंवा औषधानंतरचा असेल. उलट प्रतिपिंडे आढळली म्हणजे रोग आहेच असेही नाही, कारण ती लसीमुळेही तयार होतात. अशा वेळी दोन ते चार आठवड्यांनी दुसरा रक्तनमुना घेऊन पातळी चढली का ते पाहतात, तर लाळ्या खुरकुतासाठी लस आणि संसर्ग यांतला फरक दाखवणारी वेगळी चाचणी आहे. अहवाल डॉक्टरांसमोर बसून वाचावा आणि नमुना वेळेवर घेतला होता का, प्रतिपिंडे लसीची की रोगाची, असे प्रश्न विचारावेत.

रोग निश्चित झाला तर बाधित जनावर वेगळे बांधावे, त्याची वैरण व पाणी वेगळे ठेवावे आणि धार काढताना निरोगी जनावरे आधी, आजारी शेवटी असा क्रम ठेवावा. लाळ्या खुरकुतात गोठा ४ टक्के धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने धुवावा. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. साथ कुठवर पोहोचली आणि भोवतालच्या कोणत्या गावांत आधी लस द्यायची, हे निश्चित निदान झालेल्या गावांवरूनच ठरते. एका गोठ्याचा अहवाल दवाखान्यात आणि दूध संस्थेत वेळेवर पोहोचला, तर उरलेल्या गावाला लसीसाठी काही दिवस हाताशी मिळतात.

सर्व अहवाल बिल्ल्याच्या क्रमांकानुसार एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. बाजारातून आणलेले नवे जनावर किमान तीन आठवडे वेगळे बांधावे, त्या काळात त्याची ब्रुसेलोसिस, कासदाह आणि रक्तातील परजीवींसाठी तपासणी करून घ्यावी, आणि अहवाल हाती आल्यावरच ते इतरांच्या गव्हाणीवर न्यावे.