रानभाज्यांची पंगत घालताना
पावसाळ्यात सोसायटीत रानभाज्यांची पंगत ठरवताय? मग सगळं आचाऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नका. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, भावात घासाघीस करू नका आणि त्यांनाही पंगतीला बसवा. कुठली भाजी कुठल्या रानात उगवते, कुठली आता मिळेनाशी झाली, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं. भाजी निवडायला सकाळीच सगळ्यांना बोलवा, मुलांनाही. खरी ओळख तिथेच होते. शेवळं खाजरी असतात, म्हणून आतला पिवळा भाग काढून काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालूनच शिजवा. अनोळखी पाला पातेल्यात नकोच. सोबत टाकळा, भारंगी, नाचणीची भाकरी. भारंगी उकडून पाणी पिळून टाकलं की कडवटपणा कमी होतो.