मोठा कलर प्रिंटर घेताना: आधी शाई, मग रुंदी, शेवटी कंपनी

कोल्हापुरात मोठा प्रिंटर घेणारे सगळे एका धंद्यातले नसतात. राजारामपुरीतल्या आर्किटेक्टला नकाशे काढायचे असतात, शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपला मशिन ड्रॉइंग. तालमी-मंडळांचे बोर्ड करणाऱ्याला फ्लेक्स हवा असतो, चित्रकाराला कॅनव्हासवर प्रती. चौघांना चार वेगळी मशिनं लागतात. विक्रेता मात्र चौघांनाही आधी रुंदी आणि किंमत सांगतो. सुरुवात तिथून करू नका.

पायरी १ : बिलबुक उघडा
गेल्या वर्षभरात बाहेरून करून घेतलेली किंवा ग्राहकांनी मागितलेली कामं लिहून काढा. साइज काय, कशावर छापलं, घरात लागणार की उन्हापावसात, महिन्याला किती चौरस फूट. ही यादी कागदावर नसेल तर पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजाने होतो.

पायरी २ : शाई ठरवा
सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण कागदाचा रोल बदलता येतो, शाईची जात सहसा बदलता येत नाही. पाण्यावर आधारलेल्या शाईत दोन प्रकार आहेत. डाय शाई कागदात मुरते, रंग चमकदार देते, पण उन्हात लवकर उडते आणि ओल लागली की पसरते. पिगमेंट शाईचे बारीक कण कागदावर बसतात, त्यामुळे ती जास्त टिकते. नकाशांना चार रंग पुरतात. फोटो किंवा चित्रांच्या प्रती काढायच्या असतील तर आठ किंवा त्याहून जास्त रंगांचं, करड्या शाया वेगळ्या असलेलं पिगमेंट मशिन बघा. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्राची प्रत काढायची, तर सावलीतल्या करड्याला हिरवी किंवा लाल झाक येणं चालणार नाही.

बाहेर लावायच्या फ्लेक्स-व्हिनाइलला सॉल्व्हंट (रासायनिक द्रावकावर आधारलेली) किंवा इको-सॉल्व्हंट (तिचाच सौम्य प्रकार) शाई लागते. ती प्लास्टिकचा वरचा थर किंचित विरघळवून रंग आत बसवते, म्हणून पाऊस सोसते. सॉल्व्हंटचा वास उग्र असतो. एक्झॉस्ट बसवता येत नसेल तर राहत्या घराखालच्या गाळ्यात ते मशिन आणूच नये, असं माझं ठाम मत आहे. इको-सॉल्व्हंट प्रिंटला लॅमिनेशनआधी साधारण २४ तास वाळू द्यावं लागतं, तेव्हा ‘आत्ता द्या, संध्याकाळी नेतो’ म्हणणाऱ्या ग्राहकाचा विचार आधीच करा. सनबोर्ड, अ‍ॅक्रिलिक किंवा काचेवर थेट छापायचं असेल तर यूव्ही मशिन (अतिनील प्रकाशाने शाई जागीच वाळवणारं) घ्यावं लागतं. त्याचा खर्च वेगळ्याच पातळीचा असतो; कामं हातात असतील तरच तिकडे वळा.

पायरी ३ : रुंदी
ए१ कागदाची रुंदी ५९४ मिमी, म्हणजे २४ इंची मशिन पुरतं. ए० कागद ८४१ मिमी रुंद, त्याला ३६ इंची. क्वचित येणाऱ्या मोठ्या कामासाठी जास्त रुंदी विकत घेण्यापेक्षा ते काम बाहेरून करून घेणं परवडतं.

पायरी ४ : स्वतःची फाइल घेऊन जा
डेमोची फाइल त्या मशिनवर सुंदर दिसावी म्हणूनच निवडलेली असते. तुमच्या फाइलमध्ये चार गोष्टी ठेवा : माणसाचा चेहरा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी, अगदी बारीक अक्षरं आणि भगव्याचा मोठा सपाट तुकडा. हेडच्या (शाई फवारणाऱ्या भागाच्या) फेऱ्यांचे आडवे पट्टे अशा सपाट रंगात लगेच उघडे पडतात. प्रिंट दिवसाउजेडी आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघा. नकाशाचं काम असेल तर एक मीटरची रेघ छापून स्टीलच्या पट्टीने मोजा. फरक निघाला तर तो दुरुस्त कसा करायचा हे तिथेच करून दाखवायला सांगा. चाचणी रोज वापरणार त्या वेगावर घ्या. दुरून बघायच्या मोठ्या फलकाला ७२ ते १०० डीपीआयची (एका इंचात तितके ठिपके असलेली) फाइल पुरते, हातात धरून बघायच्या फोटोला ३०० लागते.

पायरी ५ : शाईचा हिशोब
कार्ट्रिजची किंमत भागिले मिली, हा आकडा प्रत्येक मशिनचा काढा. समजा ७०० मिलीचं कार्ट्रिज १०,५०० रुपयांचं आहे. म्हणजे मिलीला १५ रुपये. भरगच्च रंगाच्या फोटोला चौरस फुटाला ढोबळमानाने एक मिली धरा. ३६ बाय ४८ इंची प्रिंट १२ चौरस फुटांची, म्हणजे १८० रुपये नुसत्या शाईचे. कागद, वीज, मजुरी आणि हेड साफ करताना वाया जाणारी शाई त्यावर. सोबत मिळणारी पहिली कार्ट्रिजं बऱ्याचदा कमी भरलेली असतात, हेही विचारा.

पायरी ६ : जागा, पाऊस, माणूस
पेठेतल्या जुन्या घरात मशिन माडीवर न्यायचं असेल तर जिन्याचं वळण खोक्यासकट मोजा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, फुगतो आणि हेडला घासतो. खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असं बघा. अर्धवट रोल पिशवीत बंद करून ठेवा. अर्थिंग आणि यूपीएस आधीच करून घ्या.

इंजिनिअर कोल्हापुरात बसतो की पुण्याहून येतो, हे गणपतीच्या आदल्या आठवड्यात कळून उपयोग नाही. तेच मशिन वापरणाऱ्या दोघा-तिघांना भेटून विचारा. कोटेशनमध्ये स्टँड, सॉफ्टवेअरचं लायसन्स, बसवण्याचा खर्च आणि जीएसटी लिहून घ्या. हेडची वॉरंटी वेगळी विचारा : मशिनला वॉरंटी असते आणि हेड झिजणारा भाग म्हणून त्यातून वगळलेलं असतं, असं पुष्कळदा होतं.