शेतरस्त्याचा आदेश आलाय? तहसीलदाराच्या अधिकारालाच आव्हान कसं द्यायचं

शेतातून रस्ता द्यायचा आदेश हातात पडला की पारावर दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "तहसीलदाराला अधिकारच नाही, नांगर घाल खुशाल", आणि दुसरा, "थेट हायकोर्टात जा". दोन्ही ऐकू नका. तहसीलदाराला अधिकार आहे पण तो कायद्याने आखून दिलाय, आणि साहेब त्या आखणीच्या बाहेर गेलेत का एवढंच आपल्याला दाखवायचंय.

१. नकला काढा. आदेश, रस्ता मागणाऱ्याचा मूळ अर्ज, स्थळ पाहणीचा पंचनामा आणि रोजनामा, म्हणजे सुनावणीत काय झालं त्याची तारीखवार नोंद. सही-शिक्क्याच्याच, मोबाईलवरचा फोटो चालत नाही.

२. आदेश नेमका कोणत्या कलमाखाली आहे ते शोधा. सगळी गोम इथे आहे आणि मलाही सुरुवातीला हीच पायरी जड गेली, कारण वाचायला दोन्ही आदेश सारखेच वाटतात. रस्त्याचे दोन वेगळे कायदे आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5, यात आधीपासून वहिवाटीत असलेला रस्ता कुणी अडवला तर अडथळा काढता येतो, नवीन रस्ता देता येत नाही, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा यावा लागतो. दुसरं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143, यात रस्ता देता येतो पण हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, शेताच्या मधून नाही.

आता आदेश वाचा, पण शेवटून वाचा. वर मथळ्यात "कलम 143" आणि खाली आदेशाच्या परिच्छेदात "अडथळा दूर करून रस्ता खुला करावा", सोबतच्या कच्च्या नकाशावर लाल रेघ गटाच्या पोटातून तिरकी गेलेली, असले आदेश मी कितीतरी पाहिलेत. म्हणजे कलम एकाचं, काम दुसऱ्याचं आणि रेघ दोन्हीत न बसणारी. हाच तुमचा मुद्दा. मग मूळ अर्ज बघा, समोरच्याने स्वतःच लिहिलेलं असतं, "गेल्या चार वर्षांपासून रस्ता अडवला आहे". कलम 5 खाली असेल तर मुदतीचा प्रश्न त्यानेच सोडवून दिला, ते वाक्य तारखेसकट उचलून आपल्या अर्जात घाला.

आणि कृपा करून घटनेची कलमं ओतू नका. 14, 21, 300अ, दोन पानं नुसती तीच, असे ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि प्रांत साहेब, म्हणजे अपील ऐकणारे उपविभागीय अधिकारी, ती पानं सरळ उलटतात. त्यांना एकच वाक्य हवं असतं: या कलमाखाली तहसीलदारांना एवढंच करता येतं, त्यांनी हे केलं, पुरावा नकलेचं पान अमुक.

"पण मी सुनावणीला हजर होतो, पंचनाम्यावर सही केलीय" म्हणून घाबरू नका. मुळात नसलेला अधिकार पक्षकाराच्या संमतीने तयार होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1954 मध्ये किरण सिंग विरुद्ध चमन पासवानमध्ये स्पष्ट केलंय. तरी प्रकरण अजून तहसीलमध्येच चालू असेल तर हरकत पहिल्याच लेखी म्हणण्यात घ्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं रोजनाम्यात येईलच याचा काही भरवसा नाही.

३. योग्य दारात जा. 143 चा आदेश असेल तर महसूल संहितेच्याच कलम 247 खाली प्रांताकडे अपील, मुदत 60 दिवस, किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा, आणि दावा टाकला की अपिलाचा रस्ता बंद. कलम 5 चा असेल तर अपील नाहीच, त्याच मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 23 खाली रिव्हिजन, म्हणजे आदेश फेरतपासण्याचा अर्ज. तहसीलदाराने चुकीचं कलम लावलं म्हणून भांडायला निघालेला माणूस स्वतःच चुकीच्या कलमाखाली अपील टाकतो, आणि मग प्रकरण त्याच मुद्द्यावर उडतं. कलमांची सरमिसळच असेल तर वकिलाला विचारून ठरवा. हायकोर्ट त्यानंतर.

४. स्टेचा, म्हणजे आदेशाला स्थगिती मागण्याचा अर्ज त्याच दिवशी, वेगळा. नुसतं अपील टाकल्याने आदेश थांबत नाही, पोलीस बंदोबस्तात जेसीबी येऊ शकतो. आणि स्टे मिळेपर्यंत रस्त्यावर नांगर घालू नका, नाहीतर अधिकाराचा मुद्दा राहतो बाजूला आणि तुमच्यावरच गुन्हा दाखल.

एक मात्र ध्यानात ठेवा, अधिकाराच्या मुद्द्यावर आदेश रद्द झाला तरी शेजारी उद्या बरोबर कलमाखाली परत अर्ज करू शकतो. त्याला खरंच दुसरी वाट नसेल तर बांधावरून किती फूट देणार ते आत्ताच ठरवून लेखी देऊन टाका, माझ्या मते त्यात तुमचाच फायदा आहे, कारण मग रेघ कुठून जाणार ते तुम्ही ठरवता.