तळाच्या ओळीपासून वर: अठराव्या शतकातलं ब्रिटिश व्यंगचित्र कसं वाचायचं

जेम्स गिलरे किंवा जेम्स सेयर्सचं छापचित्र पहिल्यांदा समोर आलं की नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. गर्दी, तोंडातून निघालेले मजकुराचे फुगे, जमिनीवर पडलेले कागद, कोपऱ्यात एखादा कुत्रा. बहुतेक जण वाकडी नाकं बघून हसतात आणि पुढे जातात. लंडनमध्ये दुकानाच्या काचेपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र यातलं बरंच काही लगेच लागायचं, कारण त्या आठवड्याच्या बातम्या त्याच्या कानावर असायच्या. आपल्याला तो आठवडा आधी उभा करावा लागतो. चित्र वाचायचं म्हणजे मुख्यतः एवढंच काम.

सरावाला एकच चित्र घेऊ: सेयर्सचं ‘कार्लो खानचा लेडनहॉल स्ट्रीटमध्ये विजयप्रवेश’. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर ‘कार्लो खान’ हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. चित्र मोठं करून पाहता येतं. म्युझियमने खाली दिलेलं वर्णन एवढ्यात वाचू नका.

पायरी १ : आधी तळाची ओळ

चित्राच्या अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ असते. चित्रकार विल्यम होगार्थ आणि त्याच्या सोबत्यांनी खटपट केल्यामुळे १७३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि कोरीव चित्रांना १४ वर्षांचं संरक्षण मिळालं. अट अशी की मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख, ज्या तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापतात त्या पत्र्यावरच कोरायची. नकलाकारांना आवरण्यासाठी केलेली ही सोय आज आपल्या कामी येते. आपल्या चित्रावर ५ डिसेंबर १७८३ ही तारीख आहे आणि प्रकाशक थॉमस कॉर्नेल, ब्रूटन स्ट्रीट. दोन्ही टिपून ठेवा. इथे दिसणारं नाव चित्रकाराचं असेलच असं नाही, बहुधा ते दुकानदाराचं असतं.

पायरी २ : तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे पंधरा दिवस

आता चित्र बाजूला ठेवा आणि त्या तारखेच्या आसपास पार्लमेंटमध्ये काय चाललं होतं ते शोधा. नोव्हेंबर १७८३मध्ये परराष्ट्रमंत्री चार्ल्स जेम्स फॉक्सने ईस्ट इंडिया कंपनीबद्दलचं विधेयक मांडलं होतं. कंपनीचा कारभार सात आयुक्तांच्या हाती द्यायचा, आणि पहिले सातही फॉक्सच्याच गोटातले. हिंदुस्थानातल्या नेमणुका म्हणजे पैशाची खाण, ती एका टोळीच्या हाती जाणार, अशी ओरड झाली. त्यात फॉक्सचं सरकार माजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थशी युती करून आलेलं. याच नॉर्थला अमेरिकेतल्या युद्धावरून फॉक्सने वर्षानुवर्षं झोडपलं होतं, त्यामुळे ही युती लोकांना पचली नव्हती.

८ डिसेंबरला विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, मंजूर झालं. १७ तारखेला वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी, ते ९५ विरुद्ध ७६ मतांनी फेटाळलं, कारण याला मत देणारा माझा शत्रू, असा निरोप राजाने आतून फिरवला होता. दोन दिवसांत २४ वर्षांचा विल्यम पिट पंतप्रधान झाला. म्हणजे आपलं चित्र ऐन लढाईत बाहेर पडलं होतं, निकाल लागायच्या आधी.

एक अपवाद इथेच सांगतो. घटना हिंदुस्थानातली असेल तर पंधरा दिवस पुरत नाहीत, कारण बातमी जहाजाने यायची. गिलरेचं श्रीरंगपट्टणच्या माघारीवरचं चित्र घ्या. त्यात पावसाळ्याच्या नावाखाली टिपू तटावरून इंग्रजांवर चक्क लघवी करतो. चित्र डिसेंबर १७९१चं, आणि इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची माघार मे महिन्यातली. बैल मेले, जड तोफा निकामी करून टाकाव्या लागल्या, सैन्य उपाशी. नेमकं तेव्हाच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं मराठी सैन्य आणि त्यांचा बाजार येऊन भिडला, म्हणून इंग्रज तगले. अशा चित्रासाठी मागचे सहा-सात महिने चाळावे लागतात.

पायरी ३ : चेहरे ओळखा

इथे खरी मजा आहे, तेव्हा घाई नको. नेत्यांची सोंगं ठरलेली असत आणि चारपाच पाठ झाली की अर्धं काम होतं. फॉक्स म्हणजे जाड काळ्या भुवया, वाढलेली दाढी, सुटलेलं पोट. पिट काटकुळा, उंच, टोकदार नाकाचा. फॉक्सचा साथीदार एडमंड बर्क चष्मा लावून, पुष्कळदा जेझुइट (एका कॅथलिक पंथाच्या) पाद्र्याच्या झग्यात. तो डब्लिनचा आणि आई कॅथलिक, त्यामुळे छुपा कॅथलिक असल्याचा टोमणा. नॉर्थ लठ्ठ आणि पेंगुळलेला. पिटचा सहकारी हेन्री डंडस स्कॉटिश चौकटींच्या कापडात. १७६०च्या दशकातल्या चित्रात नुसता एक बूट लटकत असेल तर तो त्या दशकातला पंतप्रधान लॉर्ड ब्यूट समजा, नावावरची कोटी. आजूबाजूला परकर असेल तर राजाची आई, आणि आरोप काय तो सांगायला नको.

आता आपलं चित्र उघडा. हत्तीवर पौर्वात्य पोशाखात बसलेला फॉक्स: चार्ल्सचा कार्लो झालाय आणि वर खानकी चढलीय. हत्तीला तोंड आहे नॉर्थचं, म्हणजे बहुमताचं वजन कोण वाहतंय ते कळलं. पुढे कर्णा फुंकत बर्क. विधेयकाच्या मसुद्यात त्याचा मोठा हात होता. मिरवणूक निघालीय लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीकडे.

पायरी ४ : अक्षरं शेवटी

निशाणं, चिठ्ठ्या, फुगे आता वाचा. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये एफसारखं दिसणारं अक्षर बहुधा जुन्या वळणाचा लांब एस असतो. हे लक्षात ठेवलं की निम्मी कोडी सुटतात. खोडलेला मजकूर कधीच सोडू नका. फॉक्सच्या निशाणावर ‘जनतेचा माणूस’ ही त्याची लाडकी पदवी खोडून ग्रीकमध्ये ‘राजाधिराज’ लिहिलंय. सगळा आरोप त्या एका खोडाखोडीत आहे. वर बसलेला अपशकुनी पक्षी शेक्सपिअरच्या शब्दांत पुढचं भाकीत करतो.

पायरी ५ : हे कुणाच्या बाजूने?

सेयर्स पिटच्या बाजूचा होता आणि पुढे त्याला सरकारी पद मिळालं. संसदेतल्या भाषणांपेक्षा याच्या चित्रांनी माझं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात.

पण सगळे एकनिष्ठ नव्हते. १७८६ साली गिलरेने बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला हिंदुस्थानचा तारणहार दाखवून फॉक्स, बर्क आणि नॉर्थला त्याच्यावर तुटून पडणारे दरोडेखोर केलं. १७८८च्या मार्चमध्ये त्याच गिलरेने हेस्टिंग्जला पैशाच्या थैल्यांसह रक्ताच्या समुद्रातून, लॉर्ड चॅन्सलर थर्लोच्या खांद्यावरून नेलं. पुढे १७९७च्या सुमारास गिलरेला सरकारकडून तनखाही सुरू झाला. म्हणून एका चित्रावरून चित्रकाराचं मत ठरवू नये, आणि ‘ब्रिटिश जनतेचं मत’ तर मुळीच नाही. रंगीत प्रतीला मजुराच्या साधारण दिवसभराच्या मजुरीइतके पैसे पडत. काचेतून फुकट बघणारे पुष्कळ, विकत घेणारे पैसेवाले.

आता म्युझियमचं वर्णन वाचा. यातली बरीच वर्णनं लिहिणाऱ्या इतिहासकार डोरोथी जॉर्ज यांनी या चित्रांवर घेतलेली मेहनत थक्क करणारी आहे, पण ती आधी वाचली तर आपले डोळे काम करायचं सोडून देतात.

विकत घ्यायचं असेल तर

रंगांवर अर्थ बांधू नका. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलं जाई आणि रंग नंतर हाताने भरत, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोट निळा आणि तपकिरी असू शकतो. कागद उजेडापुढे धरा. १७९४नंतरच्या इंग्रजी कागदात पुष्कळदा सालाचं जलचिन्ह सापडतं. ते साल तळाच्या तारखेपेक्षा बरंच पुढचं असेल तर प्रत नंतरची. गिलरेच्या बाबतीत कागद उलटून बघाच. हेन्री बोन या प्रकाशकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मूळ पत्र्यांवरून पुन्हा प्रती काढल्या आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रं छापली. मागे दुसरं चित्र दिसलं तर ती बोनची प्रत समजा आणि किंमत त्या हिशेबाने बोला.