संगीतशिक्षकाच्या कागदपत्रांची जपणूक

दिवंगत संगीतशिक्षकाची ट्रंक उघडल्यावर पहिला मोह आवराआवरीचा होतो, तो टाळावा. वह्या, पत्रे आणि शिकवणीच्या नोंदी ज्या क्रमाने ठेवलेल्या असतील, त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, कारण कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या रागानंतर काय शिकवले, हे पुष्कळदा त्या क्रमावरूनच उलगडते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, पानांवर क्रमांक मऊ पेन्सिलीने घालावेत. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन मात्र कटाक्षाने टाळावे.

खरी कसोटी स्वरलेखनाची यादी करताना लागते. भातखंडे आणि पलुसकर या स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती. स्वरावरचा बिंदू भातखंडे पद्धतीत तार म्हणजे वरचे सप्तक दाखवतो, तर पलुसकर पद्धतीत मंद्र म्हणजे खालचे. पलुसकरांच्या पद्धतीत तार स्वरासाठी डोक्यावर उभी रेघ असते आणि तीच रेघ भातखंड्यांकडे मध्यमावर, म्हणजे ‘म’ या स्वरावर, आली की तो तीव्र (चढा) होतो. म्हणून प्रत्येक वहीची पद्धत यादीत नोंदवावी. काही शिक्षक दोन्हींची सरमिसळ करून स्वतःच्याच खुणा वापरतात. तिथे अंदाज न बांधता त्यांच्या शिष्यांना गाठावे. खाडाखोडही जशीच्या तशी नोंदवावी, कारण बंदिशीचा बदललेला शब्द खोडलेल्या ओळीखालीच सापडतो.

कॅसेट वाजवण्यापूर्वी तिच्या मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकूनही वर दुसरे ध्वनिमुद्रण होणार नाही. आलेली पत्रे कुटुंबाकडे असली तरी त्यांतील मजकुराचा स्वामित्वहक्क सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे ती प्रसिद्ध करण्याआधी पत्रलेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी.