सुपरप्लास्टिक फॉर्मिंग करताना कोपरा कसा वाचवायचा

सुपरप्लास्टिक फॉर्मिंगमध्ये, म्हणजे तापवलेली अ‍ॅल्युमिनियमची शीट गॅसच्या दाबाने हळूहळू डायमध्ये (साच्यात) फुगवून आकार देताना, नवीन माणूस आधी टेंपरेचर विचारतो, पण पार्ट भंगारात जातो तो कोपऱ्यातल्या जाडीमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. समजा विमानाची फेअरिंग (हवा सहज वाहावी म्हणून बसवलेलं बाहेरचं आवरण) करायचीय, शीट २ मिमी. कडा प्रेसमध्ये घट्ट दाबलेल्या असतात, बाहेरून मटेरियल आत सरकत नाही, त्यामुळे डायच्या आतलं क्षेत्रफळ शीटच्या मोकळ्या भागाच्या दुप्पट असेल तर सरासरी जाडी १ मिमीच उरणार. आणि ती सगळीकडे सारखी नसते, शीट जिथे आधी टेकते तिथे घर्षणाने अडकते, उरलेला भाग ताणत राहतो, कोपरा शेवटी भरतो म्हणून सगळ्यात पातळ तोच. ड्रॉइंगमध्ये बारीक रेडियस दिसली की डिझाइनरशी आधीच बोला, मोठी करून घ्या, भिंतींना उतार मागा, यात भीड ठेवू नका.

५०८३ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची साधी शीट चालत नाही, सुपरप्लास्टिक ग्रेडचीच मागवा, ग्रेन (धातूतले स्फटिक) साधारण १० मायक्रॉनपर्यंतच हवेत. ७४७५ हा दुसरा मिश्रधातू जास्त ताकदवान, पण नंतर ताकद आणायला सोल्युशन ट्रीटमेंट (तापवून धरणं), क्वेंचिंग (झटकन थंड करणं), एजिंग (मुरू देणं) आलं आणि क्वेंचिंगमध्ये पार्ट वाकडा होतो. पहिल्यांदा करताय तर ५०८३च घ्या.

स्टीलचा डाय असेल तर तो मीटरमागे साधारण ६ मिमी मोठा ठेवा, कारण थंड होताना अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं. शीटवर ग्रिड आखून घ्या, म्हणजे कुठे किती ताणलं ते नंतर कळेल, आणि शीट डायला चिकटू नये म्हणून बोरॉन नायट्राइडचा लेप पातळ आणि सारखा फवारा.

डाय आणि शीट ५०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास आणा, सगळे थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) सारखं तापमान दाखवेपर्यंत थांबा, मगच गॅस. स्ट्रेन रेट (ताणण्याचा वेग) सेकंदाला ०.००१ धरला तर जाडी निम्मी व्हायलाच १२ मिनिटं लागतात, कोपऱ्याला त्याहून जास्त, तेव्हा घाई नको. प्रेशर हळू वाढवा, मधे फुगलेली शीट पातळ होते तेव्हा कमी करावं लागतं, आणि शेवटी कोपऱ्यातली त्रिज्या लहान होत जाते तसं पुन्हा चढवायचं. हा कर्व्ह सिम्युलेशनमधून काढा, अंदाजाने व्हॉल्व्ह फिरवू नका.

खूप ताणलं की ग्रेनच्या सीमांवर पोकळ्या पडतात, याला कॅव्हिटेशन म्हणतात, त्या वरून दिसत नाहीत पण वारंवार भार आला की (फटीगने) पार्ट लवकर तडकतो. म्हणून शीटच्या दुसऱ्या बाजूनेही गॅसचं बॅक प्रेशर द्या, फॉर्मिंग होतं ते दोन्हीतल्या फरकावर. पहिला पार्ट कोपऱ्यातून कापा, जाडी मोजा, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघा, मगच दुसरी शीट लावा.