क्रेडिट कार्ड: अर्ज एकच करा, पण तयारीने

कार्ड मंजूर होवो वा न होवो, अर्जाची नोंद राहतेच. बँकेने तुमच्या पॅनवरून क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि परतफेडीचा अहवाल, मागवला की त्यातल्या 'एन्क्वायरी' (चौकशी) या भागात बँकेचे नाव, तारीख आणि कर्जाचा प्रकार जमा होतो. पुढची बँक तो भाग आवर्जून पाहते. पंधरा दिवसांत चार एन्क्वायऱ्या दिसल्या, की या माणसाला पैशांची निकड आहे आणि बाकीच्यांनी त्याला परत पाठवले असावे, असा अर्थ ती लावते. पहिल्या नकारानंतर घाईने केलेले अर्ज नेमके याच कारणाने फेटाळले जातात.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी स्वतःचा रिपोर्ट, मग कार्डाची निवड, मग एकच अर्ज. प्रत्यक्षात उलटे घडते: ऑफर दिसते, फॉर्म भरला जातो, नकार येतो आणि त्यानंतर माणूस रिपोर्ट काढायला बसतो.

रिपोर्टमध्ये काय पाहायचे

भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही रिपोर्ट एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून काढला, तर वर्षभर स्वतःच्या नोंदींवर नजर राहते आणि खर्च शून्य. रिपोर्ट कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर, म्हणजे तुमची पत दाखवणारा आकडा, कमी होत नाही, कितीही वेळा पाहिला तरी.

स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो आणि ७५० च्या पुढचा साधारण चांगला मानला जातो. हा काही कायद्याने ठरलेला आकडा नाही, प्रत्येक बँक आपली मर्यादा स्वतः ठरवते. ज्याने आजवर कर्जच घेतलेले नाही त्याचा स्कोअर तयारच झालेला नसतो. स्कोअर नसणे आणि स्कोअर खराब असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

स्कोअरच्या आकड्यापेक्षा खालची पाने जास्त बोलतात. प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात आणि मागच्या ३६ महिन्यांत हप्ता किती दिवस उशिरा गेला ते त्यांत दिसते. '०००' म्हणजे वेळेवर, '०३०' म्हणजे तीस दिवसांची थकबाकी. फेडून बंद झालेले कर्ज अजून चालू दिसते का, ते बघा. 'सेटल्ड' असा शेरा कुठे आहे का, तेही बघा. बँकेने काही रक्कम सोडून देऊन खाते मिटवले की हा शेरा बसतो. कर्जदाराला वाटते प्रकरण संपले, पण पुढच्या बँकेसाठी ते 'पूर्ण फेडले नाही' असेच असते. उरलेली रक्कम भरून, बँकेकडून पत्र घेऊन तो शेरा 'क्लोज्ड' करून घेता येतो. अर्ज करण्याआधी हे काम उरका.

जामीनकीकडेही लक्ष द्या. मेहुण्याच्या किंवा मित्राच्या बँककर्जाला सही दिली असेल, तर ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून दिसते आणि त्याचे थकलेले हप्ते तुमच्याही नावाला चिकटतात. मोबाइल हप्त्याने घेतला असेल किंवा एखाद्या अ‍ॅपवर 'आता घ्या, नंतर द्या' हा पर्याय वापरला असेल, तर तेही अनेकदा छोटे कर्ज म्हणून नोंदलेले असते. तीनशे रुपयांची विसरलेली बाकीसुद्धा थकबाकीच्या रकान्यात मोठ्या बाकीइतकीच ठळक उठते.

नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. पॅनवर वडिलांचे नाव मध्ये, आधारवर नुसते नाव-आडनाव, लग्नानंतर बँकेत बदललेले आडनाव आणि पॅनवर अजून माहेरचेच. अशाने व्हिडिओ केवायसी (व्हिडिओ कॉलवरची ओळख पडताळणी) अडते, कधी कधी एकाच व्यक्तीच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात. पॅन, आधार आणि बँक खाते या तिन्हींवरचे नाव आणि जन्मतारीख आधी एक करून घ्या.

चूक सापडली तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा. कंपनी बँकेला विचारते आणि बँकेच्या होकारानंतर दुरुस्ती होते. यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. दुरुस्ती दिसेपर्यंत अर्ज थांबवा.

कोणते कार्ड मागायचे

मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेले कार्ड आधी घ्यावे, सगळ्यात आकर्षक कार्ड नंतर. स्कोअरच नसेल किंवा पडलेला असेल, तर मुदत ठेवीवरचे कार्ड हा सगळ्यात भरवशाचा रस्ता. बँकेत एफडी ठेवायची, बँक ती तारण धरते आणि तिच्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांइतकी खर्चाची मर्यादा देते. ठेवीवर व्याज चालू राहते. रिपोर्टमध्ये या कार्डाची परतफेडही इतर कार्डांसारखीच नोंदली जाते. ठेव मोडावी लागेल अशी वेळ वर्षभर तरी येणार नाही, एवढीच रक्कम त्यात घाला.

पगारदारांनी पहिला विचार पगार जमा होणाऱ्या बँकेचा करावा. तुमची आवक त्या बँकेला रोज दिसते, त्यामुळे कागद कमी लागतात आणि नकाराची शक्यताही कमी. तिच्या अ‍ॅपवर 'प्री-अप्रूव्ह्ड' ऑफर दिसत असेल तर उत्तम. ती मंजुरीची हमी नव्हे, पण बँकेने प्राथमिक चाळणी केलेली असते. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी आयकर विवरणपत्रे तयार ठेवावीत. विवरणपत्रात न दाखवलेले उत्पन्न बँकेच्या हिशेबात नसतेच.

वार्षिक फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, किती खर्चावर फी माफ होते, महिन्याचा व्याजदर आणि रोख काढण्याचा आकार या गोष्टी अर्जाबरोबर मिळणाऱ्या एक पानी माहितीपत्रकात असतात. ते पान देणे बँकेवर बंधनकारक आहे. फी माफ व्हावी म्हणून वर्षाला लाखभर खर्च करायचा असेल आणि तुमचा खरा खर्च साठ हजार असेल, तर ते कार्ड तुमच्यासाठी नाही. पहिल्या कार्डाला वार्षिक फी नसलेली बरी, कारण ते वर्षानुवर्षे सांभाळायचे असते.

अर्ज भरताना

फॉर्म स्वतः भरा. मॉलमधला किंवा फोनवरचा एजंट 'तीन ठिकाणी टाकून बघू, कुठेतरी होईल' म्हणाला तर सरळ नकार द्या. तीन एन्क्वायऱ्या तुमच्या नावावर पडतात, त्याच्या नाही. पात्रता तपासून देणाऱ्या अ‍ॅपवरही संमतीच्या चौकोनात टिक करण्याआधी वाचा: ते फक्त तपासणार आहेत की तुमचा अर्ज भागीदार बँकांकडे पाठवणार आहेत? ओटीपी कोणालाही सांगू नका. उत्पन्न फुगवून लिहू नका. पगाराच्या स्लिपशी किंवा विवरणपत्राशी आकडा जुळला नाही की अर्ज तिथेच अडतो.

नोकरी नुकतीच बदलली असेल, तर नव्या ठिकाणच्या दोन-तीन पगारस्लिपा हाती येईपर्यंत थांबा. घरकर्ज किंवा वाहनकर्ज येत्या सहा महिन्यांत घ्यायचे असेल, तर नवे कार्ड आत्ता नकोच. घरकर्जाच्या व्याजदरात पाव टक्क्याचा फरक पडला, तर वीस वर्षांत त्याची रक्कम कोणत्याही कार्डाच्या बक्षिसांपेक्षा कितीतरी मोठी होते.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. नेमके कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. ते दुरुस्त केल्यावर, साधारण सहा महिने मध्ये जाऊ देऊन पुढचा अर्ज करा.

कार्ड आले पण नको असे वाटले, तर ते सुरू करू नका. ३० दिवसांत कार्ड सुरू झाले नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते आणि ती दिली नाही तर काही आकार न घेता कार्ड बंद करावे लागते. सुरू न केलेल्या कार्डाची माहिती बँकेने पतमाहिती कंपन्यांना कळवायची नसते. न मागता कार्ड पाठवायला तर बंदीच आहे.

कार्ड मिळाल्यावरचे पहिले सहा महिने

स्कोअर खरा घडतो तो या काळात. स्टेटमेंटची (महिन्याच्या बिलाची) तारीख आणि पैसे भरायची शेवटची तारीख या दोन वेगळ्या आहेत, त्या आधी नीट समजून घ्या. समजा स्टेटमेंट दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि पैसे २८ तारखेपर्यंत भरायचे आहेत. ११ तारखेची खरेदी पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये जाते, तिला जवळपास दीड महिना बिनव्याजी मिळतो. ९ तारखेच्या खरेदीला मात्र तीन आठवडेही नाहीत. पगाराची तारीख आणि भरण्याची तारीख जमत नसेल, तर बिलाचे चक्र बदलून मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

पहिल्याच दिवशी बचत खात्यावरून ऑटो-डेबिट लावा आणि तिथे 'पूर्ण रक्कम' हाच पर्याय निवडा. कित्येक ठिकाणी 'किमान रक्कम' आधीच निवडलेली असते. तिथला हिशेब बघा. ४०,००० रुपये बाकी, व्याज महिना साडेतीन टक्के म्हणजे १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के म्हणजे २,००० भरली, तर १,६५२ व्याज आणि करात गेले, मुद्दल फक्त ३४८ रुपयांनी कमी झाले. शिवाय बाकी उरली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. किमान रक्कम भरल्याने रिपोर्टमध्ये थकबाकी दिसत नाही हे खरे. पण नव्या खरेदीने बाकी वाढत जाते आणि वाढलेली बाकी स्कोअरला खाली खेचतेच.

तारीख चुकली तर घाबरून बसू नका, लक्षात येईल त्याच दिवशी भरा. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँक विलंब आकार लावू शकते आणि थकबाकी कळवू शकते. मात्र चौथा दिवस उजाडला की उशिराची मोजणी मूळ तारखेपासूनच होते.

दुसरी गोष्ट मर्यादेच्या वापराची. मर्यादा ५०,००० असेल तर बाकी १५,००० च्या आत, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. खर्च ४२,००० झाला आणि तुम्ही तो वेळेवर पूर्ण भरणार असाल, तरीही बँकेने माहिती पाठवली त्या दिवशी ८४ टक्के वापर दिसू शकतो. जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला अद्ययावत करावी लागते. मोठी खरेदी झाली की स्टेटमेंटची वाट न पाहता दोन-चार दिवसांतच काही रक्कम भरून टाका. हप्त्यांवर घेतलेली वस्तूही मर्यादा अडवून धरते, हे खरेदीआधी लक्षात घ्या.

कार्डावर रोख काढू नका. तिथे आकारही लागतो आणि व्याज पहिल्या दिवसापासून. महिन्याला एक-दोन ठरलेले खर्च, वीजबिल आणि किराणा वगैरे, कार्डावर टाकून पूर्ण भरत राहिलात तर सहा महिन्यांच्या नोंदींवर स्कोअर उभा राहू लागतो. बँक मर्यादा वाढवून देऊ म्हणाली आणि तुमचा खर्चावर ताबा असेल, तर हो म्हणावे. खर्च तेवढाच राहिला की वापराची टक्केवारी आपोआप उतरते. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही.

दुसरे कार्ड, आणि जुने बंद करणे

दुसऱ्या कार्डाचा विचार वर्षभराच्या स्वच्छ नोंदीनंतर करावा, आणि पहिल्याने भागत नाही असे ठोस कारण असेल तरच. दोन कार्डांच्या दोन तारखा सांभाळाव्या लागतात आणि चूक होते ती बहुतेक कमी वापरातल्या कार्डावर: एखाद्या सबस्क्रिप्शनचे दोनशे रुपये राहून जातात.

सगळ्यात जुने कार्ड शक्यतो बंद करू नका. त्याची मर्यादा गेली की एकूण वापराची टक्केवारी चढते. फी जड वाटत असेल, तर त्याच बँकेच्या बिनफीच्या प्रकारात बदलून मागा. पूर्ण वर्षभर न वापरलेले कार्ड बँक कळवून बंद करू शकते, म्हणून अधूनमधून छोटी खरेदी करत राहा. बंद करायचेच असेल तर बक्षीस गुण आधी वापरून टाका, त्यावर लावलेली ऑटो-पेमेंट दुसरीकडे वळवा, शेवटचा रुपया भरा आणि लेखी विनंती द्या. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचे असते. उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बंद केल्याचा ईमेल जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये ते खाते 'क्लोज्ड' दिसते का ते तपासा. दिसत नसेल, तर आधी बँकेकडे तक्रार करा. तिने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्या तक्रारीला काही शुल्क लागत नाही.